शेजाऱ्याच्या पणजीचं आडनाव

मी रिटायर झालो त्याच वर्षी माझ्या बायकोला पोर्तुगीज लोकांचं वेड लागलं. त्यातले बहुतेक सगळे कधीच मरून गेलेले होते, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. जिवंत एकच होता, आमचा शेजारी, आणि माझं दुखणं तो होता.

न्यू जर्सीत एडिसनच्या थोडं खाली आमचं घर आहे. मुलगी शाळेत असताना घेतलेलं. शेजारी तेव्हापासूनचा. पेशानं डेंटिस्ट. जन्म इथलाच, पण त्याचे आजी-आजोबा अटलांटिक समुद्रातल्या पोर्तुगालच्या एका बेटावरून आलेले. इतकी वर्षं आमचे संबंध म्हणजे ड्राइव्हवेवरून हात हलवायचा आणि बर्फ पडला की ज्याला आधी जाग येईल त्यानं दुसऱ्याच्या दारापुढेही स्नोब्लोअर फिरवायचा, इतकेच. मग त्याची बायको गेली, त्यानं दवाखाना विकला, आणि मागच्या अंगणातल्या द्राक्षांच्या मांडवाखाली तो एकटाच बसलेला दिसू लागला. मला त्याची कीवसुद्धा यायची. ती फार दिवस टिकली नाही.

सप्टेंबरात एकदा तो द्राक्षांची टोपली घेऊन दारात आला. दार माझ्या बायकोनं उघडलं. टोपली तिच्या हातात देता देता त्यानं विचारलं, "तुमच्याकडे सख्ख्या भावंडांची आडनावं वेगवेगळी असतात का हो?"

"नाही," ती म्हणाली. "का?"

"आमच्याकडे असायची. आणि त्यापायी मला वेड लागायची पाळी आलीय."

त्याच्या मुलीला घराण्याची वंशावळ हवी होती. ती कॅलिफोर्नियात असते. बेटावरच्या चर्चमधले बारशांचे, लग्नांचे आणि मृत्यूंचे जुने दाखले आता कॉम्प्युटरवर घरबसल्या बघता येतात. डेंटिस्टला पोर्तुगीज येत होतं, पण नजर अधू झालेली आणि त्या पाद्र्यांचं किरट्या वळणाचं अक्षर त्याला लागत नव्हतं. माझी बायको हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती. मायक्रोस्कोपखाली स्लाइड धरून कुठला ठिपका म्हणजे काय, हे ओळखण्यात तिचं नोकरीतलं आयुष्य गेलं. ती म्हणाली, "बघू तरी."

ती बघायला गेली आणि माझा दुपारचा चहा एकट्यानं सुरू झाला.

आधी ती मंगळवारी जायची. मग मंगळवार आणि गुरुवार. मग वार विचारण्यात अर्थ राहिला नाही. परत यायची ती गोड पावाचा वास घेऊन आणि डोक्यात कुणा ना कुणा मेलेल्या बाईला घेऊन. जेवताना सुरू व्हायची.

"अहो, ऐका ना. त्याच्या आजोबांची भावंडं सापडली. एकानं बापाचं आडनाव लावलंय, एकानं आजोळचं, आणि धाकट्यानं चक्क आजीच्या माहेरचं. कुणी काही म्हणायचं नाही! ज्याला जे आवडेल ते त्यानं उचलायचं."

"आणि बहिणींनी?"

"त्यांना तर बहुतेकींना आडनावच नाही. देवाधर्माचं काहीतरी मागे लावायचं. एक 'येशूची', एक 'पवित्र आत्म्याची'. आई तिसऱ्याच कुणाची. मायलेकींत नावाचं एक अक्षर सारखं नाही."

"मग त्या एका घरातल्या कशावरून?"

"तेच तर शोधायचं!"

हे म्हणताना तिचे डोळे असे चमकले की मी पुढचा घास घ्यायचा थांबलो. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली. माझ्या कुठल्या प्रश्नानं ते असे चमकल्याचं मला आठवत नव्हतं.

"आणि पहिली नावं तरी वेगळी ठेवावीत की नाही? निम्म्या बायका मारिया. एकाच घरात दोन मारिया, थोरली आणि धाकटी, दोघी जिवंत. एक मूल गेलं की पुढच्याला परत तेच नाव. डॉक्टर म्हणतात..."

डॉक्टर म्हणतात. डेंटिस्टला ती डॉक्टर म्हणायची. मी ताक ओतून घेतलं आणि म्हणालो, "आज आमटीला मीठ कमी आहे." मीठ अगदी बेताचं होतं.

त्या दिवसांत मी काय काय केलं हे आता सांगायला हरकत नाही. त्याच्या स्वयंपाकघराची खिडकी आमच्या जिन्यावरून दिसते. मी जिन्यावरची ट्यूब बदलली, कठडा घासला, त्याला रंग दिला. खिडकीतून दोन डोकी दिसायची, एक पांढरं आणि एक मेंदी लावलेलं, एकाच स्क्रीनकडे झुकलेली. मधेच दोघं हसायची. आवाज ऐकू यायचा नाही, त्याचाच जास्त त्रास व्हायचा. घरी ती हसत नव्हती असं नाही. पण घरी आम्ही एकमेकांच्या गोष्टींचे शेवट आधीच ओळखून असतो, त्यामुळे हसू जरा लवकर संपतं.

मुलगी मिशिगनला नोव्हायमध्ये असते, गाड्यांच्या कंपनीत. रविवारच्या फोनवर मी तिला म्हटलं, "तुझी आई हल्ली घरात नसतेच."

"व्हेअर इज शी?"

"शेजारी. त्याच्या पणजीचं आडनाव शोधतेय."

मग ती म्हणाली, "बाबा, आर यू जेलस?"

"मी? त्या म्हाताऱ्यावर?"

"ही इज ऑलमोस्ट युअर एज, बाबा."

फोन ठेवल्यावर मी आरशासमोर जाऊन उभा राहिलो होतो, हे मी तिला सांगितलं नाही.

शेवटी एका गुरुवारी मी म्हणालो, "मीही येतो." बायको म्हणाली, "या की." इतक्या सहज म्हणाली की मला त्याचाही राग आला. डेंटिस्टनं मोठ्या अगत्यानं माझ्यासाठी खुर्ची ओढली. टेबलावर कागदाची मोठी गुंडाळी पसरली होती, त्यावर माझ्या बायकोच्या अक्षरात चौकटी आणि बाण. ती स्क्रीनवरचं पान मोठं करून एकेक शब्द वाचत होती, बोट फिरवत, ओठ हलवत. पोर्तुगीज शब्द! मी तिला बंगालीतली पाटी वाचायला लावली असती तर कंटाळा आला असता तिला.

डेंटिस्ट कॉफीचं भांडं घेऊन शेगडीपासून वळला आणि त्यानं तिला हाक मारली.

मला आधी कळलंच नाही की हाक तिला आहे. कारण ते नाव मी तिला ठेवलेलं नाव नव्हतं. ते तिचं माहेरचं नाव होतं. त्याच्या जिभेवर ते जरा लोळत होतं, मधलं एक अक्षर बोथट झालं होतं, पण होतं तेच. आणि तिनं मान वर न करता "हं?" केलं. लहानपणापासूनच्या हाकेला माणूस ओ देतो तसं.

आता हे नावाचं प्रकरण सांगायला हवं. आमचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या थोरल्या वहिनीचंही हेच नाव होतं. आई म्हणाली, "एका घरात दोघी एका नावाच्या कशा चालतील? हाक मारली की दोघी ओ देतील." तिच्या वडिलांचीही ना नव्हती, त्या काळी कुणाचीच नसायची. मग नवं नाव कुठलं, ते मी ठरवायचं होतं. साखरपुड्यानंतरचे दिवस मी त्यातच घालवले. ऑफिसात ड्रॉइंग काढता काढता कोपऱ्यात नावं लिहायचो आणि खोडायचो. शेवटी जे सापडलं त्यावर मी खूश होतो. लग्नानंतर ताटात तांदूळ पसरून अंगठीनं ते लिहिलं. तिनं वाकून वाचलं आणि हसली. माझ्या समजुतीप्रमाणे ती मी तिला दिलेली पहिली भेट होती. तेच नाव घेऊन ती या देशात आली. हॉस्पिटलात, बँकेत, मुलीच्या शाळेत सगळीकडे तेच. जुनं नाव फक्त तिच्या भावाच्या तोंडी राहिलं. पुण्याहून त्याचा फोन आला की स्पीकरवर ते ऐकू यायचं. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. भाऊ आहे, म्हणणारच.

पण हा कोण?

घरी येताना लॉनवरच मी विचारलं, "त्याला ते नाव कुणी सांगितलं?"

"मीच."

"का?"

"त्यांनी विचारलं. म्हणाले, जन्मतः तुझं नाव काय होतं? त्यांच्याकडे बाई शोधायची तर तिथूनच सुरुवात करावी लागते ना. मी सांगितलं. ते म्हणाले, चांगलं नाव आहे, मी याच नावानं हाक मारली तर चालेल का?"

"आणि तू हो म्हणालीस."

"हो, मीच हो म्हणाले. त्यात काय झालं?"

मी म्हणालो, "मलाही माहीत होतं ते नाव."

"माहीत होतं हो," ती दाराची किल्ली शोधत म्हणाली. "पण हाक कधी मारलीत?"

दोन-तीन दिवस गेले. मग एका सकाळी ती पोळ्या लाटत असताना स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून मी तिला त्या नावानं हाक मारली. आवाज उगाच मोठा निघाला. ती लाटतच राहिली. मी परत मारली. तेव्हा तिनं वळून पाहिलं, लाटणं हातात तसंच, आणि तिला हसू आवरेना.

"नको हो," ती म्हणाली. "तुमच्या तोंडून कसंतरीच वाटतं. वहिनींना हाक मारताय असं वाटतं."

आणि ते खरं होतं. वहिनीला मी त्या नावानं कधी हाक मारली नव्हती, पण माझा भाऊ मारायचा, आणि माझ्या आवाजात त्याचाच सूर आला होता. शेजारच्या माणसाला जे नुसतं विचारल्यावर मिळालं, ते मला माझ्याच घरात मिळेना. असा जळफळाट मला पूर्वी कधी झाला नव्हता. नोकरीत माझ्यामागून आलेली पोरं माझ्या वरच्या जागेवर जाऊन बसली, तेव्हाही नाही.

मग मी ठरवलं की ती पणजी आपणच शोधायची.

गाडं तिथंच अडलेलं होतं. डेंटिस्टच्या आजीच्या बाजूचा पणजोबा मिळाला होता, त्याचं आडनाव पक्कं होतं. पण पणजी मिळत नव्हती. नातवंडांच्या बारशाच्या दाखल्यात तिचं पहिलं नाव मारिया होतं आणि पुढचं पाण्याच्या डागात गेलं होतं. मी बायको घरी नसताना बसायचो, म्हणजे पुष्कळ वेळ मिळायचा. मी इंजिनीअर माणूस. मनाशी सरळ हिशेब मांडला: पणजोबाचं आडनाव हे, म्हणजे त्याच्या बायकोचंही हेच. त्याच गावातली, त्याच आडनावाची, साधारण त्याच वयाची मारिया शोधायची. फोनवरच्या भाषांतराच्या अॅपवर एकेक शब्द टाकत मी दिवसचे दिवस पानं चाळली. आणि सापडली! तिचा मृत्यूचा दाखला मिळाला, त्यात तिचे आईबाप मिळाले, त्यांच्यावरून त्यांचे आईबाप. मी सगळं चांगल्या कार्डपेपरवर उतरवून काढलं, प्रत्येक पिढीला वेगळी शाई.

गुरुवारी मी ते टेबलावर मांडलं. माझी छाती किती फुगली होती, ते आठवलं की आजही कानशिलं तापतात. डेंटिस्टनं भिंग लावून पाहिलं. म्हणाला, "किती मेहनत घेतलीत!" मग परत पाहिलं. मग त्यानं कागद माझ्या बायकोकडे सरकवला. तिनं वरून खालपर्यंत बोट फिरवलं आणि तिचं बोट एका जागी थांबलं.

"अहो," ती मराठीत म्हणाली, "हे आईबाप तर पणजोबाचेच आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे ही त्यांची बायको नाही. बहीण आहे."

डेंटिस्टला मराठी येत नाही, पण त्याला आधीच कळलं होतं. तो हसू दाबायचा प्रयत्न करत होता आणि त्याचे खांदे हलत होते. मी त्याच्या पणजोबाचं लग्न पणजोबाच्याच सख्ख्या बहिणीशी लावून दिलं होतं, तीन रंगांच्या शाईत. शेवटी तो इतका हसला की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. माझी बायकोही हसली. दोघं एकमेकांकडे बघून हसली, ते मला लागलं.

"पण आडनाव तेच आहे," मी म्हणालो.

"म्हणूनच बायको असणार नाही," ती म्हणाली. "तिथं बायका लग्नानंतर नाव बदलत नसत. जन्माचं तेच मरेपर्यंत. नवऱ्याचं आडनाव जिच्या मागे दिसलं ती बहीण, नाहीतर आत्या."

ती हे मला समजावत होती, टोमणा मारत नव्हती. मी त्या पणजोबाचा विचार करत बसलो. बेटावरचा कुणीतरी शेतकरी. त्याची बायको शेवटपर्यंत दुसऱ्याच नावाची राहिली आणि तरी त्याच्याच घरात राहिली, त्याची मुलं वाढवली. त्याला कुणी ताटात तांदूळ पसरून दिले नव्हते. त्या मेलेल्या माणसाचाही मला हेवा वाटला.

खरी पणजी पुढे माझ्या बायकोनंच काढली. लग्नाच्या दाखल्यात ती 'येशूची' होती आणि म्हातारपणी, का कोण जाणे, 'पवित्र आत्म्याची' झाली होती. नवऱ्याचं आडनाव तिनं कधीच लावलं नव्हतं.

उन्हाळ्यात डेंटिस्टनं अंगणात मोठं जेवण ठेवलं. कॅलिफोर्नियाची मुलगी आली, मॅसॅच्युसेट्सहून नातेवाईक आले. एकाच माणसाची पतवंडं, पण आडनावं निरनिराळी. इथं आल्यावर कुणी स्पेलिंग बदललं, कुणी अर्धं कापलं, कुणी सरळ इंग्रजी घेतलं. द्राक्षांच्या मांडवाखाली ती गुंडाळी लांबलचक टेबलावर अंथरली होती आणि माणसं आपापलं नाव शोधत वाकली होती.

डेंटिस्टनं चमच्यानं ग्लास वाजवला आणि माझ्या बायकोला पुढे बोलावलं. सगळ्यांना सांगितलं, की हे सगळं हिनं केलं. आणि तिचं पूर्ण नाव घेतलं. जन्माचं नाव, आणि मागे तिच्या वडिलांचं आडनाव. टाळ्या पडल्या. तिनं पदर सारखा केला. साडी नेसून आली होती, मी कधी पाहिलीसुद्धा नव्हती अशी मोरपंखी.

"आणि हे तिचे मिस्टर," डेंटिस्ट माझ्याकडे हात करून म्हणाला.

पुढची सगळी दुपार मी सासऱ्यांच्या आडनावानं काढली. एक एक जण येऊन हात मिळवायचा, "मिस्टर" म्हणायचा आणि पुढे माझ्या सासऱ्यांचं आडनाव, मोडकंतोडकं. एका आजीबाईंनी तर मला मिठी मारून त्याच नावानं आशीर्वाद दिला. पहिल्या वेळी मी तोंड उघडलं होतं. पण मागे रांग होती, ताटात मासे होते, आणि सांगायचं तरी काय? हे माझं नाही, हे तिचं आहे? दुसऱ्या-तिसऱ्या वेळी मी नुसता हसलो. सासरे जाऊन बरीच वर्षं झालीत. शिस्तीचा माणूस, माझ्याशी फार बोलले नाहीत कधी. त्यांच्या नावाच्या हाका न्यू जर्सीत एका पोर्तुगीज अंगणात माझ्यावर पडत होत्या, आणि पलीकडून माझी बायको ते ऐकत होती. तिची आणि माझी नजरानजर झाली. तिनं हातातला ग्लास तोंडापुढे धरला, पण डोळे हसत होते. ते हसू माझ्यासाठी होतं, एवढं मला कळलं.

घरी परतताना ती म्हणाली, "सांगितलं का नाहीत त्यांना?"

"काय सांगायचं?"

"की तुमचं नाव वेगळं आहे."

"तू सांगितलंस का कधी, इतकी वर्षं?"

ती चालता चालता थांबली. मी हे भांडणासाठी म्हटलं नव्हतं, ते आपोआप निघून गेलं होतं.

"मला तुम्ही ठेवलेलं नाव आवडतं," ती म्हणाली. "तुम्ही ते शोधत बसला होतात, हे तुमच्या आईनं मला सांगितलं होतं. घरात तेच असू दे. पण ते दुसरंही माझंच आहे. ते कुणीतरी घेतलं की बरं वाटतं."

"कुणीतरी म्हणजे तोच का?"

"विचारलं त्यांनी," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणी विचारलं नाही."

ही वाटणी मला मान्य नव्हती. अजूनही नाही. पण त्यानंतर मी आमटीच्या मिठावर बोलणं सोडलं. आता त्यांनी डेंटिस्टच्या आईकडची बाजू काढायला घेतली आहे, म्हणजे हे काम काही संपत नाही. कधी कधी मीही जातो, कागद धरायला, कॉफी प्यायला. माझ्याकडे एकच काम सोपवलंय, तारखांचा मेळ घालायचं. नात्यांना मला हात लावू देत नाहीत.

बाकीच्या दिवशी मी घरात असतो. दुपारी अंगणातून त्याची हाक येते, तेच नाव, तेच बोथट अक्षर. ती हातातलं टाकून "आले!" म्हणते, आणि मला विचारते, "येताय?" मी पेपर वाचत असल्याचं सांगतो. ती लॉन ओलांडून त्याच्या दारात पोचेपर्यंत माझं वाचन एका ओळीपुढे सरकत नाही.